पालेर्मोत तीन तास अनवाणी

मुलगी इटलीत काय करतेय असं कुणी विचारलं, की मी सांगायचे, "म्युझियममध्ये इंटर्नशिप करतेय, क्युरेटरच्या हाताखाली." अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं होतं की माझा स्वतःचाही त्यावर पक्का विश्वास बसला होता. आमच्या ओळखीतली सगळी मुलं उन्हाळ्यात घरापासून वीस मिनिटांवरच्या कुठल्या ना कुठल्या टेक कंपनीत इंटर्नशिप करतात आणि रात्री घरी जेवायला येतात. माझीच एक सिसिलीला गेली होती. पालेर्मोतल्या एका कंटेम्पररी आर्टच्या म्युझियममध्ये. गणेशोत्सवाच्या मीटिंगला एका काकूंनी विचारलं, "कंटेम्पररी म्हणजे ते चिखलाचे गोळे वगैरे?" मी म्हणाले, "तसंही असतं, पण डेटाबेसचंही काम आहे तिला." हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ती कॉम्प्युटर सायन्स आणि आर्ट हिस्टरी असं दोन्ही करत होती, म्हणजे डेटाबेस असणारच, असा माझा हिशेब.

जुलैत आम्ही तिला भेटायला जायचं ठरवलं. नवरा अमेरिकन नागरिक झालाय, मी अजून नाही. त्यामुळे व्हिसा फक्त मलाच लागणार होता. बोटांचे ठसे द्यायला मी पाच तास ड्राइव्ह करून दुसऱ्या राज्यात गेले, तिथे कळलं की फोटो दोन मिलिमीटरनी लहान आहे, म्हणून पुन्हा गेले. तेव्हापासूनच मी वैतागलेली होते हे मान्य करते. पण पुढे जे झालं ते न वैतागणाऱ्या माणसालाही वैतागायला लावेल असंच होतं.

पालेर्मोत उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. मुलगी विमानतळावर आली होती. बारीक झाली होती, काळी पडली होती, आणि आनंदात होती. टॅक्सीत बसल्या बसल्या तिने आम्हाला आठवड्याचा प्लॅन सांगितला. सहा दिवसांत पाच म्युझियम.

"आणि समुद्र?" नवऱ्याने विचारलं.

"समुद्र इज ऑल अराउंड, बाबा. इट्स ॲन आयलंड."

पहिल्या दिवशी पहिलंच म्युझियम बंद निघालं. सोमवार होता. मुलगी म्हणाली, "ओह, राइट, मंडे." जी मुलगी स्वतः म्युझियममध्ये काम करते तिला सोमवारी म्युझियम बंद असतं हे आठवू नये? आम्ही दगडी गल्ल्यांतून, स्कूटरवाल्यांपासून अंग चोरत परत चालत आलो.

मंगळवारी दोन म्युझियम झाली. एक जुन्या हवेलीसारख्या इमारतीत होतं. बाहेरून भिंती पडायला आलेल्या, आत एसी आणि पांढरा रंग. पाठीवरची सॅक पुढे पोटावर घ्यायला लावली. नवऱ्याच्या सॅकमध्ये थेपले, पाण्याच्या दोन बाटल्या आणि छत्री होती, तो पोटुशा बाईसारखा चालत होता. पहिल्या खोलीत काहीच नव्हतं. नुसती रिकामी खोली आणि कुठूनतरी घूं असा आवाज. नवरा भिंतीवर स्विच शोधायला लागला.

"बाबा, आवाजच आर्ट आहे."

"आपल्या घरचा फ्रिज असा आवाज करायला लागला तेव्हा आपण माणूस बोलावला होता."

दुसऱ्या खोलीत एक मोठा कॅनव्हास होता, जवळजवळ कोरा. एका कोपऱ्यात पेन्सिलीची एक रेघ. नवऱ्याने विचारलं, "यात काय आहे?"

"यात काय आहे असं नाही विचारायचं."

"मग काय विचारायचं?"

"काहीच नाही. जस्ट बी विथ इट."

मी त्या कॅनव्हासबरोबर दहा मिनिटं उभी राहिले. मला वाटतं की मी कुठल्याही गोष्टीला तिची संधी देते. दहा मिनिटांनी माझी कंबर दुखायला लागली, एवढाच बदल झाला. शेजारी माहितीची पाटी होती. इटालियनमधून इंग्रजीत आणलेली. 'अनुपस्थितीच्या उंबरठ्यावरची स्मृती' अशा अर्थाचं काहीतरी. ती मी तीनदा वाचली. मी वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली आहेत. समोरची गोष्ट बिघडलेली आहे की तशीच असायला हवी आहे, हे ओळखण्याचा मला पगार मिळतो. इथे मला काहीच ओळखता येईना, आणि त्याचा जितका राग येत होता तितका खरं तर उन्हाचाही येत नव्हता.

वरच्या मजल्यावर एका अंधाऱ्या खोलीत काळा स्क्रीन होता आणि समोर बाक. चार-पाच माणसं गंभीर चेहऱ्याने त्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसली होती. मीही बसले. थोड्या वेळाने मला राहवेना, बाहेर जाऊन तिथल्या बाईंना खुणेने विचारलं. त्या म्हणाल्या, मागच्या गुरुवारपासून बंद पडलाय, दुरुस्तीला माणूस यायचाय. अख्ख्या प्रवासात माझं तेवढं एक निदान बरोबर आलं. मी आत जाऊन मुलीला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "आई, तू त्यांना एंबॅरस केलंस."

नवऱ्याचं मात्र बरं चाललं होतं. त्याला रस्त्यावरच्या गाडीवर चण्याच्या पिठाच्या तळलेल्या चौकोनी वड्या मिळाल्या होत्या, पावात घालून, वर लिंबू. तो मूळचा नागपूरचा. "ही तर पाटवडी आहे यार!" असं म्हणून त्याने तिथे उभ्या उभ्या दोन खाल्ल्या आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून प्रत्येक म्युझियममधून तो वीस मिनिटांत बाहेर पडायचा आणि गाडीवर जाऊन उभा राहायचा. चिडायला मी एकटी उरले.

गुरुवारी मुलीच्या म्युझियमला जायचं होतं. ती सकाळीच ड्यूटीवर गेली होती. म्हणाली होती, "मी वरच्या मजल्यावर असेन, तुम्ही खालून बघत बघत या. आणि आई, प्लीज, कशाला हात लावू नकोस." एकावन्न वर्षांच्या बाईला हे सांगायचं! नवरा दारापर्यंत आला आणि "तू हो पुढे, मी आलोच" म्हणून वडीवाल्याच्या दिशेने गेला.

इमारत पूर्वी कसलीशी वखार असावी. उंच छत, दगडी फरशी. पहिल्या दोन खोल्या मी शिस्तीत पाहिल्या. तिसऱ्या खोलीत पलीकडच्या टोकाला एक दार होतं आणि दाराच्या आत पांढरं स्वच्छ कापड अंथरलेलं दिसत होतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आणि दाराबाहेर चपलाबूट. पन्नास-साठ जोड तरी असतील. बायकांच्या सँडल, पुरुषांचे बूट, लहान मुलांचे कॅनव्हासचे शूज, कसेही टाकलेले, एकमेकांवर चढलेले. लग्नाच्या हॉलबाहेर असतात तसे. मला वाटलं, चला, निदान एक खोली तरी अशी आहे जिथे काय करायचं ते मला कळतंय. मी एका जुन्या बुटाला पायानेच बाजूला सरकवून जागा केली, माझ्या सँडल काढल्या आणि आत गेले.

आत काहीच नव्हतं. नुसतं कापड, आणि खिडकीतून पडलेलं ऊन. पण पायांना इतकं गार वाटलं की मी चांगली पाच मिनिटं तिथे उभी राहिले. आठवड्यात पहिल्यांदाच डोकं शांत झालं होतं.

"सिन्योरा! नो, नो, नो!"

दारात एक पन्नाशीचा माणूस उभा होता, हातात वॉकीटॉकी. मला वाटलं आत यायला परवानगी नसेल. मी सॉरी सॉरी म्हणत बाहेर आले आणि सँडलमध्ये पाय घालायला वाकले, तर त्याने दोन्ही हात आडवे केले. "नो टच! प्लीज!"

"माझ्या आहेत त्या," मी इंग्रजीत म्हणाले.

त्याला कळलं, पण पटलं नाही. तो ढिगाकडे बघत होता, माझ्या पायांकडे बघत होता, पुन्हा ढिगाकडे. तेव्हा मला समजलं की त्या चपला कुणी काढून ठेवलेल्या नव्हत्या. त्या मांडलेल्या होत्या. ती कलाकृती होती. आणि माझ्या चार वर्षांपूर्वी पुण्यात घेतलेल्या, टाचा झिजलेल्या चॉकलेटी सँडल त्या कलाकृतीत इतक्या बेमालूम मिसळल्या होत्या की तिथल्या राखणदारालाही त्या वेगळ्या काढता येत नव्हत्या. झाल्या प्रकारापेक्षा मला हेच जास्त लागलं.

त्याने वॉकीटॉकीवरून कुणालातरी बोलावलं. जिन्यावरून धावत आली ती माझी मुलगी. काळा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात तसाच वॉकीटॉकी. अगदी त्याच्यासारखाच. ते मी पाहिलं, पण त्या क्षणी डोक्यात शिरलं नाही.

"आई, तू काय केलंस?"

"चपला काढल्या."

"व्हाय?"

"दाराशी चपला होत्या म्हणून!"

ती डोळे मिटून दोन सेकंद उभी राहिली. मग त्या माणसाशी भराभर इटालियनमध्ये बोलली. तिला इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. तो मान हलवत होता, हात पसरत होता. शेवटी ती म्हणाली, "ते म्हणतायत की यातली कुठलीच गोष्ट आम्ही उचलू शकत नाही. जिच्याकडे लिस्ट आहे ती लंचला गेलीय. ती चारला येईल."

मी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"तीन तासांचं लंच?"

"आई, इट्स पालेर्मो. माझ्यासाठी ते नियम बदलणार नाहीत."

"अगं पण तू सांग ना, या माझ्या आईच्या आहेत म्हणून!"

"सांगितलं. ते म्हणतात, माझी आई आहे म्हणूनच मी नाही उचलू शकत."

यात तर्क होता, म्हणून मला जास्तच चीड आली.

मला निळ्या प्लास्टिकची आवरणं दिली, हॉस्पिटलमध्ये बुटांवर घालतात तसली, आणि भिंतीशी एका खुर्चीवर बसवलं. मुलीला वर परत जावं लागलं. नवऱ्याला फोन केला तर तो उचलेना. मी निळे पाय घेऊन त्या चपलांसमोर बसून राहिले. माणसं यायची, चपला बघायची, पाटी वाचायची, मग माझ्याकडे बघायची. एका जर्मन जोडप्यातल्या बाईने पाटी वाचली, माझ्या पायांकडे पाहिलं, पुन्हा पाटी वाचली आणि मग हळूच माझा फोटो काढला.

तो राखणदार मनाने चांगला होता. अडीचच्या सुमाराला त्याने मला कॉफी आणून दिली, जी तिथे प्यायला बहुधा परवानगी नसावी. मोडक्या इंग्रजीत गप्पा मारायला लागला. माझी मुलगी फार चांगली आहे म्हणाला. वेळेवर येते. आठ तास उभी राहते, कधी तक्रार नाही. लोकांना 'हात लावू नका' इतकं गोड सांगते की लोक ऐकतात.

"ती क्युरेटरबरोबर काम करते ना?" मी विचारलं.

त्याला प्रश्न कळला नसावा. "शी इज लाइक मी," तो आपल्या टी-शर्टवर हात ठेवून म्हणाला. "सेम." मग मला बरं वाटावं म्हणून असेल, तो पुढे म्हणाला, "व्हेरी इंटेलिजंट. ओन्ली आर्ट, आर्ट, आर्ट. कॉम्प्युटर," आणि त्याने दोन्ही तळहात एकमेकांवर झटकले, पीठ झटकतात तसे, "फिनिश!"

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

चार वाजून वीस मिनिटांनी लिस्टवाल्या बाई आल्या. तरुण होत्या, हातात जाड फाइल. फाइलमध्ये प्रत्येक चपलेचा फोटो आणि नंबर. त्या गुडघ्यांवर बसून एकेक जोड ताडून बघायला लागल्या. माझ्या सँडल यादीत नाहीत हे सिद्ध व्हायला पंधरा मिनिटं लागली. पण त्यात दुसरीच भानगड निघाली. एक जुना पुरुषी बूट फोटोतल्या जागी नव्हता. अर्धा हात डावीकडे होता. तो कुणी सरकवला ते मला पक्कं माहीत होतं. मी सांगितलं. त्यांनी हातमोजे घालून तो बूट उचलला, मोजपट्टीने अंतर मोजून जागेवर ठेवला, आणि माझी एका इटालियन कागदावर सही घेतली. मी कशावर सही केली ते आजपर्यंत मला माहीत नाही.

मुलीची शिफ्ट संपेपर्यंत मी बाहेर दगडी पायरीवर थांबले. ती आली आणि हसत म्हणाली, "ओके, धिस वॉज सो फनी."

"कॉम्प्युटर सायन्स कधी सोडलंस?"

तिचं हसू गेलं. "कोणी सांगितलं?"

"ज्याने सांगितलं त्याला वाटतं मला माहीत आहे. आईला माहीत असणारच असं वाटतं लोकांना."

आम्ही चालायला लागलो. ती सांगत होती, मी ऐकत होते. फेब्रुवारीत सोडलं. क्युरेटरच्या हाताखालचं काम मिळालं नाही, तेव्हा हे मिळालं, आणि तिला हे आवडतं. दिवसभर एकाच खोलीत उभं राहिलं की वस्तू वेगळ्या दिसायला लागतात, असं काहीतरी. आधी मेडिकलला जायचं होतं, ते ऑरगॅनिक केमिस्ट्रीपाशी रडून सोडलं. मग कॉम्प्युटर. आता हे. मी भर रस्त्यात थांबले.

"मला का नाही सांगितलंस?"

"कारण तू अशी चिडशील."

"मी तू सोडलंस म्हणून चिडलेली नाही! मी गावभर काय काय सांगत फिरलेय, त्याचं काय?"

"ते तू सांगितलंस, आई. मी तुला फक्त म्हटलं होतं की म्युझियममध्ये काम करते."

हे खरं होतं. मी फोनवरचं ते बोलणं आठवून पाहिलं. क्युरेटर हा शब्द पहिल्यांदा माझ्याच तोंडून आला होता आणि तिने तो खोडला नव्हता, एवढंच.

"बाबांना काय सांगणार आहेस? त्यांना धक्का बसेल."

ती चपलेने रस्त्यावरचा एक खडा ढकलत राहिली. मग म्हणाली, "बाबांना माहितीये. मार्चपासून."

नवरा गाडीपाशीच सापडला, वडीवाल्याशी खुणांनी बोलत. दुपारपासून फोन सॅकमध्ये, सॅक पाठीवर. मी काही बोलायच्या आधीच आमचे चेहरे बघून त्याला कळलं. त्याने हातातला पाव कागदात गुंडाळून ठेवला.

"मार्चपासून?" मी विचारलं.

"अगं, सांगणारच होतो. तुझा रिलीज होऊ दे म्हटलं." माझ्या ऑफिसात तेव्हा सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन जायचं होतं, हे खरं आहे.

"रिलीज एप्रिलमध्ये झाला."

"मग तुझा व्हिसा सुरू झाला. तू त्या फोटोवरून इतकी वैतागली होतीस..."

म्हणजे या दोघांनी माझ्या वैतागाचं कॅलेंडर ठेवलं होतं आणि त्यात त्यांना चार महिने एकही मोकळा दिवस सापडला नव्हता. मला जे वाईट वाटलं ते याचं. कॉम्प्युटरचं नव्हे. माझ्याच घरात मला काय सांगावं आणि कधी, याची दोन माणसं फोनवर चर्चा करत होती.

पुढचा अख्खा दिवस मी दोघांशी बोलले नाही. पण भाड्याच्या त्या घरात पंखा एकच होता, आणि शनिवारी मुलीची सुट्टी होती, म्हणून ती म्हणाली तेव्हा मी तिच्याबरोबर आणखी एका म्युझियमला गेले. नवऱ्याला आम्ही नेलं नाही. तिथे एक मोठं चित्र होतं, डांबर, चुना, गोणपाट असं काय काय चिकटवलेलं. ती मला म्हणाली, "आई, समोरून नको बघू. इकडून बघ, बाजूने." मी वाकून बाजूने पाहिलं. तिने बोटाने दाखवलं, अर्थातच हात न लावता. एका जागी पापुद्रा सुटला होता आणि कुणीतरी तो पुन्हा बसवला होता. सांधा केसाएवढा. समोरून पाहिलं तर कधीच कळलं नसतं.

"हे करायचंय मला," ती म्हणाली. "हे सगळं पडतं, आई. डांबर वितळतं, फेव्हिकॉल पिवळा पडतो. कोणीतरी दुरुस्त करावं लागतं. त्याचं शिक्षण असतं, मास्टर्स."

दुरुस्ती. अख्ख्या आठवड्यात मला नीट कळलेला हा पहिला शब्द. मी विचारलं, "त्याला काय लागतं?"

ती जरा घुटमळली. "आर्ट हिस्टरी. थोडं ड्रॉइंग. आणि केमिस्ट्री."

"कुठली केमिस्ट्री?"

"जनरल. आणि... ऑरगॅनिक."

मी इतक्या मोठ्याने "काय?" म्हणाले की त्या खोलीतली राखणदार बाई खुर्चीवरून उठून उभी राहिली. ज्या विषयासाठी हिने डॉक्टर होणं सोडलं, घरी येऊन दोन दिवस जेवली नाही, तोच विषय घ्यायचा, आणि तोही भिंतीवरचं डांबर चिकटवायला! मी हसले की चिडले ते मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. मुलगी मात्र हसत सुटली, आणि मग तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते टी-शर्टच्या बाहीला पुसले.

आता तिचं शेवटचं वर्ष चालू आहे. ऑरगॅनिक केमिस्ट्री घेतली आहे. कॉम्प्युटरमध्ये यायच्या आधी मी पुण्यात बी.एस्सी. केमिस्ट्री केलं होतं, हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उपयोगाचं वाटतंय. दर रविवारी सकाळी ती व्हिडिओ कॉल करते, मी डायनिंग टेबलवर कागद घेऊन बसते आणि कॅमेऱ्यासमोर षटकोन काढून दाखवते. तिचं पाठांतर शून्य आहे. तीच ती रिॲक्शन मी चार रविवार समजावतेय. मागच्या आठवड्यात ती म्हणाली, "आई, ओरडू नकोस." मी म्हटलं, मी ओरडत नाहीये, मोठ्याने समजावतेय. नवरा किचनमधून म्हणाला, ओरडतेयस.